मे महिना उजाडण्याआधी एवढं ऐकून घ्या : रेड सॉक्सच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

बॉस्टन, फ्रेमिंगहॅम, श्रुजबरी, वेस्टबरो आणि आसपासच्या, बॉस्टनच्या रेड सॉक्स या आपल्या बेसबॉल संघाच्या सर्व मराठी चाहत्यांना,

सप्रेम नमस्कार.

बर्फ वितळायला लागतो, फोर्ट मायर्सच्या सरावशिबिरातून बातम्या येऊ लागतात आणि आपल्याकडच्या शनिवारच्या जेवणावळींत पिचर (चेंडू टाकणारे) कोणत्या क्रमाने उतरवायचे हे ठरायला सुरुवात होते. ज्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी 'हा कसला खेळ, यात चौकारसुद्धा नाही' म्हणून नाक मुरडलं होतं, तीच मंडळी आज स्लायडर आणि स्वीपर या वळणाऱ्या चेंडूंमधला फरक समजावून सांगतात. मला याचा फार आनंद आहे. वाद घालावा तो बेसबॉलवरच, असं माझं मत आहे, कारण १६२ सामन्यांच्या हंगामात वादाला विषय कधी कमी पडत नाही.

पण या वादांत दोन मागण्या दर वर्षी हमखास येतात. बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मध्यात उतरणाऱ्या पिचरांत (रिलिव्हर), एखादा चमकला की लगेच 'याला स्टार्टर करा', म्हणजे सामना सुरू करायला द्या. आणि एखादा तरुण हिटर महिनाभर चाचपडला की 'याला बसवा, वूस्टरला (आपल्या खालच्या लीगमधल्या संघाकडे) पाठवा, नाहीतर विकून टाका'. असं म्हणणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही या दोन्ही मागण्या उतावळ्या आहेत असं मला वाटतं, आणि रेड सॉक्सचाच गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्यांच्या विरोधात साक्ष देतो. तो तुमच्यासमोर ठेवावा म्हणून हे पत्र.

गॅरेट व्हिटलॉकपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त आवाज त्याच्यावरूनच चढतात. २०२० च्या डिसेंबरमध्ये 'रूल फाइव्ह' निवडीत (दुसऱ्या संघाने मुख्य चमूत न घेतलेला खेळाडू घेण्याची सोय) आपण त्याला न्यूयॉर्कच्या यँकीजकडून उचललं. कोपराच्या शस्त्रक्रियेतून तो सावरत होता आणि डबल-ए या खालच्या लीगच्या वर कधी खेळलेला नव्हता. २०२१ मध्ये त्याने बुलपेनमधून ७३ इनिंग टाकल्या आणि त्याचा ईआरए होता १.९६, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दोन धावाही नाहीत. तेव्हापासून आपला हिशेब सुरू झाला : सत्तर इनिंगमध्ये हा एवढा चांगला, तर दीडशे इनिंगमध्ये किती चांगला! संघानेही तो हिशेब करून पाहिला. २०२२ मध्ये स्टार्टर, मग बुलपेन, मग खुब्याची शस्त्रक्रिया. २०२३ मध्ये पुन्हा स्टार्टर, पुन्हा कोपराचं दुखणं, पुन्हा बुलपेन. २०२४ मध्ये स्टार्टर म्हणून चार सामने अप्रतिम टाकले आणि त्यानंतर कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया. २०२५ मध्ये मात्र त्याला हंगामभर बुलपेनमध्येच ठेवलं, बहुतेक वेळा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा) अरोल्डिस चॅपमनच्या आधी, सातव्या-आठव्या इनिंगला. ईआरए २.२५.

एवढं डोळ्यांसमोर असूनही गेल्या ऑक्टोबरमध्ये, यँकीजविरुद्धच्या वाइल्ड कार्ड (प्लेऑफची पहिली फेरी) मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात आठव्या इनिंगला व्हिटलॉकच्या चेंडूवर निर्णायक हिट बसली आणि यँकीजचा जॅझ चिझम पहिल्या बेसवरून थेट घरी आला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणांनी त्याच रात्री जुनं पालुपद पुन्हा सुरू केलं. 'बुलपेनमध्ये वाया चाललाय तो.' वाया? त्या सामन्यात सगळ्यात अवघड क्षणी चेंडू त्याच्या हातात होता. संघाचा त्याच्यावर विश्वास होता म्हणूनच होता.

इनिंगच्या संख्येवरून पिचरची किंमत ठरवायची सवय आपल्याला लागली आहे, तिथेच गाडं अडतं. स्टार्टरला तेच नऊ हिटर दोनदा, कधी तिनदा बाद करायचे असतात. तिसऱ्यांदा समोर आलेल्या हिटरने त्याचे सगळे पिच (चेंडूंचे प्रकार) पाहिलेले असतात, हाताचा कोन ओळखलेला असतो, आणि पिचरचा हातही थकलेला असतो. म्हणून स्टार्टरकडे निदान तीन भरवशाचे पिच लागतात, आणि दर पाच-सहा दिवसांनी नव्वद-शंभर चेंडू टाकणारं शरीर लागतं. रिलिव्हरला एकेका हिटरला एकदाच तोंड द्यायचं असतं. तो हातचं न राखता टाकतो, त्यामुळे वेग मैल-दोन मैलांनी वाढतो, आणि दोन चांगले पिच असले तरी त्याचं भागतं. बुलपेनमधला दोन धावांचा ईआरए उचलून रोटेशनमध्ये (आळीपाळीने उतरणाऱ्या स्टार्टरांत) ठेवला की तो तसाच राहील, ही अपेक्षा म्हणूनच चुकीची आहे. परिस्थिती बदलली की आकडा बदलणारच.

आता कुणीतरी गॅरेट क्रोशेचं नाव घेईल. घ्यायलाच हवं, कारण रिलिव्हरला स्टार्टर करा या मताच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण तेच आहे. क्रोशे शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडे रिलिव्हर होता. २०२२ चा अख्खा हंगाम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला. २०२४ मध्ये तो स्टार्टर झाला, डिसेंबरमध्ये आपल्याकडे आला, आणि २०२५ मध्ये त्याने २०५ इनिंग टाकून २५५ स्ट्राइक-आउट केले, म्हणजे तितके हिटर तीन स्ट्राइकवर बाद केले. अमेरिकन लीगमध्ये त्याच्याइतके कुणाचेच नव्हते. वाइल्ड कार्डच्या पहिल्या सामन्यात त्याने ११७ चेंडू टाकून यँकीजचे ११ गडी स्ट्राइक-आउट केले, ती रात्र आपल्यापैकी कुणी विसरेल असं वाटत नाही.

पण क्रोशे कसा बदलला तेही बघा. फास्टबॉल आणि स्लायडर यांवर त्याचं काम चालत होतं. स्टार्टर होताना त्याने कटर या तिसऱ्या पिचची जोड दिली आणि तो कटर नुसता दाखवण्यापुरता न ठेवता भरपूर वापरला. २०२४ च्या उत्तरार्धात व्हाइट सॉक्सने त्याला सामन्यागणिक चारेक इनिंगच टाकू दिल्या. त्या वर्षी ३२ सामने सुरू करूनही त्याच्या एकूण इनिंग १४६ च भरल्या. दोनशेचा टप्पा त्याच्या पुढच्या वर्षी आला. तिसरा पिच आहे का, शरीर साथ देतंय का, वाढ टप्प्याटप्प्याने होतेय का, हे तीन प्रश्न क्रोशेच्या बाबतीत विचारले गेले आणि तिन्हींची उत्तरं होकारार्थी आली. व्हिटलॉकच्या बाबतीत पिचचा प्रश्न कधी नव्हताच. त्याच्या शरीराने पुन्हा पुन्हा नाही म्हटलं आहे. ते ऐकायचं नाही असा हट्ट आपण का धरावा?

भूमिका उलट्या दिशेनेही बदलते, आणि तेव्हाही ती शिक्षा नसते. जुन्या लोकांना डेरेक लो आठवत असेल. २००० साली तो आपला क्लोजर होता, ४२ सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने). २००१ मध्ये घडी विस्कटली, सामने हातचे गेले, फेनवे या आपल्या मैदानावर लोकांनी त्याच्या नावाने बोंबा मारल्या, जुलैअखेर उगेत उर्बिनाला आणून त्याची जागा घेतली. २००२ मध्ये लोला स्टार्टर केलं. २१ विजय, आणि एप्रिलमध्ये टँपा बेविरुद्ध नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता संपवलेला सामना. त्याचा सिंकर (खाली बसणारा चेंडू) जमिनीलगत ठोकला जायचा, थोड्या चेंडूंत गडी बाद व्हायचे, म्हणून लांब पल्ल्याचं काम त्याला शोभलं. २००४ ला पुन्हा घसरण : ईआरए ५.४२, आणि प्लेऑफच्या तोंडावर रवानगी बुलपेनमध्ये. त्याच ऑक्टोबरमध्ये एंजल्सविरुद्धच्या शेवटच्या सामन्याचा विजय त्याच्या नावावर लागला तो रिलिव्हर म्हणून. यँकीजविरुद्धचा सातवा सामना आणि सेंट लुइसमधला वर्ल्ड सीरिजचा (अंतिम मालिकेचा) चौथा सामना त्याने स्टार्टर म्हणून जिंकून दिला. तिन्ही मालिकांचा शेवटचा विजय एकाच माणसाचा. ८६ वर्षांनी आलेल्या त्या विजेतेपदात 'लो नेमका कोण, स्टार्टर की रिलिव्हर' या प्रश्नाला काहीही अर्थ उरला नाही.

आणि जॉनथन पेपलबॉन. २००६ मध्ये क्लोजर म्हणून त्याचा ईआरए ०.९२ होता. सप्टेंबरमध्ये खांदा दुखावला, म्हणून पुढच्या वर्षी त्याला स्टार्टर करायचं जाहीर झालं. फोर्ट मायर्समध्ये तशी तयारीही चालली होती. मार्चमध्ये तो स्वतःच म्हणाला की मला शेवटची इनिंगच हवी. संघाने ऐकलं. त्या वर्षी ३७ सेव्ह, आणि डेन्व्हरमध्ये वर्ल्ड सीरिजचा शेवटचा गडी त्यानेच स्ट्राइक-आउट केला. खेळाडूला स्वतःला काय वाटतं ही गोष्ट आपल्या चर्चांत कधी येतच नाही. ती सगळ्यात आधी यायला हवी.

तुमच्यापैकी जे फेनवेच्या ब्लीचर्समध्ये (उघड्या बाकांवर) बसतात, त्यांना माझी एक विनंती आहे. एखाद्या सामन्यात सहाव्या इनिंगनंतर मैदानाकडे थोडं कमी बघा आणि उजव्या बाजूच्या कुंपणामागच्या बुलपेनकडे, म्हणजे रिलिव्हर जिथे हात गरम करतात त्या जागेकडे, जास्त बघा. फोन वाजतो. एक जण जॅकेट काढतो, खांदे फिरवतो, कॅचर उभा असतानाच सावकाश टाकायला लागतो. मग कॅचर खाली बसतो आणि चेंडूचा आवाज बदलतो. पंधरा-वीस चेंडू होतात. तेवढ्यात मैदानावर डबल प्ले होतो, धोका टळतो, आणि हा परत जॅकेट चढवून बाकावर बसतो. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. पुन्हा तेच सगळं. पुष्कळदा दुसऱ्या वेळीही त्याला बोलावत नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या धावफलकात त्याचं नाव नसतं. आपण म्हणतो, 'काल तर आराम होता याला, आज दोन इनिंग टाकायला काय हरकत आहे?' त्या चाळीस चेंडूंची नोंद कुठेच होत नाही. हाताला मात्र ती असते.

सेव्ह हा आकडासुद्धा असाच अर्धवट आहे. शिकागोतले क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी १९६० च्या सुमारास तो मांडला, कारण रिलिव्हरांचं काम कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. १९६९ पासून तो अधिकृत झाला. हेतू चांगला होता, पण त्यामुळे नववी इनिंग तेवढी सोन्याची झाली आणि आठवी कवडीमोलाची. प्रत्यक्षात आठव्या इनिंगला एका धावेची आघाडी, दोन रनर बेसवर आणि समोर यँकीजच्या अ‍ॅरन जजसारखा हिटर असेल, तर सामना तिथेच ठरतो. गेल्या वर्षी चॅपमनने वयाच्या ३७ व्या वर्षी ३२ सेव्ह केले ते कौतुकास्पदच आहेत, पण त्यांतले कितीतरी व्हिटलॉकने आधी वाट मोकळी करून दिली म्हणून शक्य झाले.

'मग भूमिका ठरवायच्याच कशाला, जेव्हा गरज तेव्हा जो चांगला त्याला उतरवा', असा युक्तिवाद आपले तरुण मित्र करतात. तो हुशारीचा आहे, आणि २००३ मध्ये आपल्याच संघाने तो प्रत्यक्षात आणून पाहिला. एकही ठरलेला क्लोजर नाही. टँपा बेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात नवव्या इनिंगला ४-१ ची आघाडी कार्ल क्रॉफर्डच्या होम रनने गेली, आणि मेअखेर ब्युंग-ह्युन किमला आणावं लागलं. एका सामन्यावरून कल्पना वाईट ठरत नाही. त्या बुलपेनमध्ये मुळात पुरेसे चांगले पिचरच नव्हते. तरीही आपली पाळी साधारण केव्हा येणार हे माहीत असेल तर माणूस तयारी करू शकतो, हे नाकारून चालणार नाही. ऑक्टोबरची, म्हणजे प्लेऑफची, गोष्ट निराळी. २०१८ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये १८ इनिंग चाललेल्या तिसऱ्या सामन्यात नेथन इओव्हाल्डी या स्टार्टरने शेवटच्या सहा इनिंगमध्ये ९७ चेंडू टाकले आणि मॅक्स मन्सीच्या होम रनने सामना हरला. पाचव्या सामन्यात शेवटची इनिंग ख्रिस सेलने टाकली, तोही स्टार्टरच. पण तसं पंधरा दिवस चालतं. एप्रिल ते सप्टेंबर चालवायला गेलो तर जुलैपर्यंत निम्मे हात जायबंदी होतील.

आता हिटरांकडे येते. इथे मला जास्त वाईट वाटतं, कारण पिचरच्या भूमिकेवर आपण निदान वाद तरी घालतो. तरुण हिटरला आपण सरळ निकालात काढतो.

२००७ चा एप्रिल आठवा. डस्टिन पेड्रोयाचा पहिला पूर्ण हंगाम, आणि महिनाअखेर त्याचं अ‍ॅव्हरेज .१८२. उंची पाच फूट नऊ इंच, आणि बॅट मात्र अशी फिरवायचा की प्रत्येक चेंडू ग्रीन मॉन्स्टर या फेनवेच्या उंच भिंतीपार घालवायचा आहे. लोक म्हणाले, एवढासा मुलगा, एवढा मोठा स्विंग, हा काय टिकणार? बाकावरचा अ‍ॅलेक्स कोरा बरा खेळत होता, त्याला खेळवा. मॅनेजर टेरी फ्रँकोनाने ऐकलं नाही, पेड्रोयाला उतरवत राहिला. मे महिन्यात पेड्रोयाचं अ‍ॅव्हरेज होतं .४१५. हंगाम संपला .३१७ वर, रूकी (नवोदित खेळाडू) ऑफ द इयर झाला, वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात पहिल्याच पाळीत होम रन मारला, आणि पुढच्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. स्विंग तोच होता.

.१८२ म्हणजे काय ते जरा मांडून बघा. पंचावन्न अ‍ॅट-बॅटमध्ये दहा हिट. सणसणीत मारलेले चार चेंडू शॉर्टस्टॉपच्या हातात जाण्याऐवजी दोन फूट बाजूने गेले असते, तर चौदा हिट आणि .२५५. दोन फुटांवरून आपण एखाद्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या कुवतीचा निकाल लावतो. पहिल्या महिन्यात अ‍ॅव्हरेज बघूच नये, असं माझं ठाम मत आहे. बघायचं तर त्याचे स्ट्राइक-आउट बघा. साठेक पाळ्यांनंतर त्यांचं प्रमाण बऱ्यापैकी खरं चित्र दाखवायला लागतं. पेड्रोया २००७ च्या संपूर्ण हंगामात फक्त ४२ वेळा स्ट्राइक-आउट झाला आणि ४७ वेळा वॉक मिळवून बेसवर गेला. चेंडू दिसतोय, बॅट लागतेय. अशा माणसाला वेळ द्यायचा असतो.

हिटर बाहेरच्या चेंडूवर बॅट घालतोय का, दोन स्ट्राइक झाल्यावर घाबरतोय का, फाउल मारून पाळी लांबवतोय का, हे सगळं खुर्चीतून दिसतं. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

तरुणांचंच असं होतं असंही नाही. २००९ मध्ये डेव्हिड ऑर्टिझने पहिला होम रन मारला तो थेट २० मे रोजी. तोवर 'पापी (हे त्याचं लाडकं टोपणनाव) संपला' असं म्हणून झालं होतं. त्या वर्षी त्याचे २८ होम रन झाले, पुढच्या वर्षी ३२, आणि २०१३ चं विजेतेपद तर अजून यायचं होतं.

गेल्या वर्षीचा क्रिस्टियन कॅम्पबेल याच्या नेमका उलट. मार्च-एप्रिलचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रूकी, तेव्हा त्याला आपण डोक्यावर घेतलं. मे महिन्यात पिचरांनी त्याच्या दुबळ्या जागा शोधल्या आणि बॅट थंडावली. त्याच सुमाराला पहिल्या बेसवरच्या ट्रिस्टन कसासचा गुडघा गेला, म्हणून या मुलाला पहिल्या बेसचाही सराव करायला लावला. नवीन लीग, नवीन जागा, अपेक्षांचं ओझं, सगळं एकदम. जूनमध्ये तो वूस्टरला गेला. तो निर्णय कदाचित बरोबरही असेल. वूस्टरला जाणं म्हणजे आयुष्य संपणं थोडंच आहे? पण त्या महिनाभरात आपल्या बोलण्यात त्याच्याविषयी जी तुच्छता आली, ती मला अजून सलते. श्रुजबरीकरांनो, वूस्टरचं मैदान पोलर पार्क तुमच्या घरापासून काही मिनिटांवर आहे. तिथे जाऊन, खाली पाठवलेला खेळाडू बॅटिंग सरावात तोच एक चेंडू, आतल्या कोपऱ्यातला, पुन्हा पुन्हा कसा मागून घेतो ते बघा.

आपल्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसांना हे कळायला अवघड जाऊ नये. २०१२ च्या श्रीलंका दौऱ्यात रोहित शर्माने पाच एकदिवसीय डावांत मिळून १३ धावा केल्या होत्या, तेव्हा मुंबईच्या लोकलमध्येसुद्धा त्याला काढा म्हणणारेच जास्त होते. त्याला चमूतून काढलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला धोनीने सलामीला पाठवलं, त्याने ८३ केल्या, आणि पुढे त्याच जागेवरून तीन द्विशतकं आली. वेळही मिळाला आणि स्वभावाला साजेशी जागाही मिळाली. बोरिवलीच्या मुलासाठी आपण जे मान्य करतो, ते बॉस्टनच्या मुलांसाठी का नाही?

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. पिचरची भूमिका बदला असं म्हणायचं असेल तर त्याचा तिसरा पिच कोणता, गेल्या तीन वर्षांत त्याने किती इनिंग टाकल्या, आणि त्याचं स्वतःचं म्हणणं काय, हे सांगून म्हणा. हिटरला बसवा म्हणायचं असेल तर जूनपर्यंत थांबा, आणि तेव्हाही त्याचं अ‍ॅव्हरेज सांगू नका, तो कशावर बॅट घालतोय ते सांगा. आपल्याबरोबर आता आपली मुलंही सामने बघतात, लिटल लीग खेळतात. घरात बसून टीव्हीसमोर आपण एखाद्या खेळाडूला काय म्हणतो ते त्यांच्या कानांवर पडतं, आणि शनिवारी सकाळी तीन वेळा स्ट्राइक-आउट होऊन परत येताना त्यांना तेच आठवतं.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, पॅट्रियट्स डेला, मॅरेथॉनच्या दिवशी सकाळी अकराच्या सामन्याला आपल्यातले बरेच जण दर वर्षीप्रमाणे फेनवेत असतीलच. हंगामाला तेव्हा तीन-चार आठवडे झालेले असतात, आणि मोठ्या फलकावर कुणा ना कुणा तरुण हिटरच्या नावापुढे दोनशेच्या (.२००) आतला आकडा झळकत असतो. त्याची पाळी येईल तेव्हा त्याला हूट करू नका. शेजारचे करत असतील तर त्यांना पेड्रोयाचा एप्रिल सांगा.

आपली,
वेस्टबरोची एक रेड सॉक्सवेडी